कुकरीला पाणी कोणी दिलं?

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना जे "म्हणजे, म्हणजे" होतं ते बरंचसं उडवलंय, पण सगळं नाही.

तर झालं असं की मी नेपाळहून एक कुकरी आणली. ट्रेक संपल्यावर पोखऱ्यात दोन दिवस मोकळे होते. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक छोटं दुकान दिसलं, आतून ठोकण्याचा आवाज येत होता. चार हजार नेपाळी रुपये सांगितले. शंभर भारतीय म्हणजे एकशे साठ नेपाळी हा दर ठरलेला, म्हणजे आपले अडीच हजार. दुकानदार म्हणाला, हातानं घडवलेली आहे, आर्मीवाली आहे, मर्सिडीज ट्रकच्या पाट्याची आहे. तीन दावे एका दमात. मी बीटेक मेकॅनिकल, पोटापाण्यासाठी जावा लिहितो. चार वर्षं मटेरियल सायन्स शिकून एकदाही भट्टी पेटवलेली नाही. त्यामुळे आपल्याला यातलं कळतं असा माझा जो समज होता, तो तिथेच बळावला आणि मी पैसे दिले.

घरी आल्यावर आईचं पहिलं वाक्य: "असली वस्तू घरात कशाला?"

प्रश्न बरोबर होता. आपल्या शहरात २०१८ साली ऑनलाइन मागवलेल्या हत्यारांची पार्सलं पोलिसांनी पकडली होती, ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. तलवारीनं केक कापला आणि वाढदिवसाच्या रात्री पोरगा लॉकअपमध्ये, ही बातमी तर दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या गावातून येते. म्हणून सगळ्यात आधी मी कायदा वाचला. २०१६ च्या शस्त्र नियमांत बंदुकीखेरीज इतर शस्त्रांचा एक वर्ग आहे. त्यात तलवारी, भाले, कट्यारी यांच्या जोडीला चाकू येतात आणि चाकूंच्या पुढे कंसात दोन नावं चक्क छापलेली आहेत: कृपाण आणि कुकरी. माप दिलंय, पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. मी पट्टी घेतली. लांबी साडेआठ इंच. पोटाशी रुंदी दोन इंचांना एक सूत कमी. हुश्श. दुकानात मोठी घ्यायचा मोह झाला होता, पैसे कमी पडले म्हणून लहान घेतली, हे इथे प्रामाणिकपणे सांगतो. आणि माप बसलं म्हणून कमरेला लावून कॅनॉट प्लेसला फिरायला गेलात तर तुमची बाजू मांडायला मी येणार नाही. जमावबंदीचे आदेश वेगळे असतात.

मग सुरू झाली तपासणी. व्हर्निअर कॅलिपर काढला. पात्याची पाठ मुठीजवळ साडेआठ मिलिमीटर, वळणाशी सात, टोकाकडे साडेतीन. हे बघून बरं वाटलं. पत्र्यातून कापून मशीनवर घासलेलं पातं सहसा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जाडीचं असतं. टोकाकडे असं निमुळतं व्हायला ते ऐरणीवर ओढावं लागतं. पाठीवर बोट फिरवलं की हलके खड्डेही लागतात. पहिला दावा, पास.

मूठ शिसवीची. आतला दांडा अर्ध्यातूनच मुठीत गेलाय की आरपार, ते बाहेरून बघायचं. माझ्या कुकरीत तो मागे पितळेच्या टोपीतून बाहेर येऊन ठोकून चपटा केलाय. म्हणजे आरपार. आतली पोकळी लाखेनं भरतात. मात्र मुठीवर केसाएवढी एक चीर होती, ती पोखऱ्यात मला दिसली नव्हती. दिसली असती तर शंभरेक रुपये तरी कमी केले असते.

आता मुठीपुढची ती प्रसिद्ध खाच. नेपाळीत तिला काउडी म्हणतात, काही ठिकाणी चो. यूट्यूबवर हिच्यावर पाच हजार व्हिडिओ असतील. रक्त मुठीपर्यंत येऊ नये म्हणून, गाईचं खूर म्हणून, शिवाचं त्रिशूळ म्हणून. आणि एकदा म्यानातून काढली की रक्त चाखल्याशिवाय परत जात नाही, ही सगळ्यात लाडकी. माझी कुकरी पहिल्या आठवड्यात चाळीस वेळा म्यानातून निघून परत गेली आणि तिनं फक्त एका लिंबाचा रस चाखला. त्या लिंबाची गोष्ट पुढे येते.

दुसरी लाडकी गोष्ट म्हणजे अलेक्झांडर. ग्रीकांची कोपिस नावाची पुढे वाकलेली तलवार होती, ती इथे आली आणि तिची कुकरी झाली. ऐकायला झकास. अडचण एवढीच की अलेक्झांडर पंजाबातून परत फिरला इसवी सनाच्या आधी ३२६ च्या सुमारास, आणि काठमांडूच्या राष्ट्रीय संग्रहालयात जुनी म्हणून जी कुकरी दाखवतात ती गोरख्याचा राजा द्रव्य शाह याची मानतात. त्याचा काळ १५५९. मधल्या अठराशे-एकोणीसशे वर्षांचा दुवा कोणी जोडून दाखवलेला नाही. मला वाटतं दुव्याची गरजही नाही. वजन पुढे, धार आतल्या बाजूला, पातं खाली वाकलेलं: असं केलं की मनगटाला कमी त्रास होतो आणि घाव खोल बसतो. ज्याला रोज फांद्या तोडायच्या आहेत त्याला हे दोन पिढ्यांत कळतं. कोकणातला कोयता बघा. कुर्गातली आयदा कत्ती बघा. त्यांच्यासाठी कोणी ग्रीक बोलावले नव्हते.

कुकरी जगाला माहीत झाली ती मात्र लढाईमुळेच. १८१४ चा ऑक्टोबर. डेहराडूनजवळ नालापानीची टेकडी, वर खलंगा नावाचा किल्ला, आत बलभद्र कुंवर आणि बायकापोरं धरून सहाशेच्या आसपास माणसं. खाली इंग्रजांची तोफखान्यासकट फौज. ३१ ऑक्टोबरला इंग्रजांचा जनरल गिलेस्पी हल्ल्यात मारला गेला. दुसरा हल्लाही फसला. शेवटी इंग्रजांनी किल्ल्याचं पाणी तोडलं. नोव्हेंबर संपता संपता बलभद्र उरलेल्या सत्तर-एक माणसांना घेऊन वेढ्यातून निघून गेला. डेहराडूनला आजही तिथे दोन जोडस्तंभ आहेत, एक गिलेस्पी आणि त्याच्या माणसांसाठी, दुसरा बलभद्र आणि त्याच्या माणसांसाठी. ज्याच्याशी लढलो त्याचंही स्मारक बांधायचं, आणि १८१५ पासून त्याच माणसांना आपल्या पलटणीत घ्यायचं. इंग्रज हिशोबी होते.

मराठी माणसानं इथे थोडं थांबावं. नेपाळचं हे युद्ध चालवणारा गव्हर्नर जनरल कोण? लॉर्ड हेस्टिंग्ज. १८१६ च्या मार्चमध्ये सुगौलीच्या तहावर शिक्का बसला, उत्तरेची सीमा शांत झाली, आणि पुढच्याच वर्षी याच हेस्टिंग्जच्या फौजा पेशव्यांवर आणि नागपूरकरांवर चालून आल्या. ५ नोव्हेंबर १८१७, खडकीची लढाई. (पुण्याची खडकी. मलिक अंबरनं १६१० मध्ये वसवलेली खडकी म्हणजे आपलं शहर, ते वेगळं.) शाळेत आपण पेशवाईचा शेवट शिकतो तेव्हा नेपाळचं नाव येत नाही. नकाशा जरा मोठा करून बघितला तर ही दोन्ही युद्धं एकाच माणसाच्या टेबलावरच्या लागोपाठच्या दोन फायली आहेत.

आणि त्यानंतर चाळीसेक वर्षांनी उलटा प्रवास. १८५७ चा उठाव मोडल्यावर नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत शिरले. त्यांच्या घरातल्या स्त्रियांना काठमांडूत आसरा मिळाला तो जंगबहादुर राणाकडून, ज्यानं त्याच उठावात लखनौला इंग्रजांच्या मदतीला स्वतः फौज नेली होती. यातला कोण आपला आणि कोण परका, हे मला आजही एका वाक्यात सांगता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात तर मराठा आणि गुरखा पलटणी एकाच आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये इटलीत होत्या. थमन गुरुंग यांना १० नोव्हेंबर १९४४ च्या कामगिरीसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी तो मिळवला. आपल्या शहरापासून निमज काही लांब नाही. यांच्यावर एक अख्खा भाग करायचाय, म्हणून आज एवढंच.

परत तपासणीकडे. दावा दोन, आर्मीवाली. तो मी तपासला नाही, तो आपोआप पडला.

आमच्या सिडकोच्या कॉलनीत रात्री शिट्टी आणि काठी घेऊन फिरणारे एक काका आहेत. सगळे त्यांना गुरखा म्हणतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक घरून पैसे गोळा करायला येतात. मी त्यांना आत बोलावलं, चहा दिला आणि मोठ्या तोऱ्यात कुकरी समोर ठेवली. त्यांनी ती उचलली, मुठीच्या पुढे एका बोटावर तोलून बघितली, मुठीच्या सांध्यावर नख फिरवलं, चीर लगेच पकडली. मी विचारलं, आर्मीची आहे ना? ते हसले. "बेटा, मैं कभी आर्मी में नहीं था. मुझे क्या पता."

तेव्हा कळलं की मी त्यांना सात-आठ वर्षं गुरखा म्हणतोय आणि ते गुरखा पलटणीतले तर नाहीतच, इंग्रजांनी ज्या मगर, गुरुंग, राई, लिंबू लोकांतून भरती केली त्यांच्यातलेही नाहीत. ते नेपाळच्या पार पश्चिमेच्या अछाम जिल्ह्यातले. तिकडून महाराष्ट्रात पहारेकऱ्याच्या कामाला येणारे खूप आहेत. गोरखा हे मुळात काठमांडूच्या पश्चिमेच्या एका गावाचं आणि राज्याचं नाव. तिथून ते देशभरच्या सैनिकांचं झालं आणि आपल्या गल्लीत ते एका नोकरीचं नाव झालं. काकांच्या घरी कुकरी होती, ती गवत, लाकूड आणि दसऱ्याचा बकरा यासाठी. इथे त्यांच्याकडे काठीच आहे. "कुकरी रखूँगा तो पहले पुलिस मुझे ही पकड़ेगी," म्हणाले, आणि ते गंमत म्हणून म्हणाले नव्हते.

मग मी विचारलं, गावात ती कोण बनवायचं. "कामी." थोडं थांबून म्हणाले, कामी घरात यायचा नाही. अंगणात उभा राहायचा, धान्य घेऊन जायचा. कुकरी घरात घेताना आजी तिच्यावर पाणी शिंपडायची.

हे मला माहीत नव्हतं. नंतर वाचलं. नेपाळच्या १८५४ च्या मुलुकी ऐन या कायद्यानं कामी जातीला अस्पृश्य म्हणून लेखी नोंदवलं होतं. १९६३ च्या नव्या कायद्यानं ते अधिकृतपणे गेलं, अंगणातून किती गेलं ते काकांनी सांगितलंच. ज्या वस्तूवर एका देशाची ओळख उभी आहे, जी गुरखा पलटणींच्या बिल्ल्यांवर आहे, ती घडवणारा माणूस उंबऱ्याबाहेर. आणि मी दुकानात मालकाशी अर्धा तास घासाघीस केली, आत कोण ठोकत होतं ते डोकावूनही बघितलं नाही.

आता तिसरा दावा, पाट्याचं पोलाद. वाळूजला हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात एक कॉलेजमित्र आहे, त्याच्याकडे रॉकवेल मशीन आहे. त्यानं पात्याकडे बघून हात वर केले: धारेजवळची बाजू उतरती आहे, मशीनला सपाट जागा लागते, आकडा खोटा येईल. इंजिनिअरिंग संपलं. म्हणून मी पैठण रोडकडे गेलो. तिथे दिवाळीच्या आधी रस्त्याकडेला घिसाडी लोहारांची पालं पडतात.

घिसाडी म्हणजे आपल्याकडचे फिरते लोहार, भटक्या जमातींच्या यादीतले. गावातला बलुतेदार लोहार वेगळा, त्याला गावात घर आणि सुगीला बलुतं. घिसाड्याचं घर गाडीवर. पुरुष सांडशीत लोखंड धरून छोट्या हातोडीनं जागा दाखवतो आणि बाई दोन्ही हातांनी घण घालते. हे एकदा उभं राहून बघा. जिमच्या मेंबरशिपबद्दल नवे विचार येतात.

मी कुकरी दिली. मामांनी काही न विचारता ती फिरत्या दगडाला पाठीकडून क्षणभर टेकवली. माझा जीव वरखाली. ठिणग्या उडाल्या, दोनेक फूट जाऊन फुटल्या, फुलबाजीसारख्या. "पाटाच हाय," ते म्हणाले. साध्या नरम लोखंडाची ठिणगी सरळ रेषेत लांब जाते आणि विझते. कार्बन वाढला की ती टोकाला फुटते. कमानपाट्याच्या पोलादात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो. हे मी पुस्तकात वाचून पास झालो होतो, उडताना पहिल्यांदा बघितलं. त्यांच्याकडच्या ढिगातले कोयतेही ट्रकच्या पाट्याचेच. मर्सिडीज की टाटा, ते ठिणगीत दिसत नाही.

मग त्यांनी कानस घेतली. पोटाच्या धारेवर घासली तर नुसती सटकली, चावली नाही. पाठीवर चावली. टोकाकडच्या दोन इंचांत धारेवरही चावली. मी लगेच म्हणालो, बघा, इथे कच्ची राहिली, फसवलं. मामांनी माझ्याकडे बघितलं, ओरडले नाहीत. "लिंबू आन."

टपरीवरून लिंबू आणलं. पातं पुसून त्यावर रस चोळला. पाच-सात मिनिटांनी धारेच्या कडेनं एक काळसर पट्टा उमटला, पोटाशी रुंद, टोकाकडे आणि मुठीकडे विरत गेलेला. "पानी एवढ्यालाच दिलंय. मुद्दाम."

पुस्तकी भाषेत सांगायचं तर पोलाद आठशे अंशांच्या वर लाल करून झटकन गार केलं की आतली रचना बदलून ते कडक होतं, पण ठिसूळही. अख्खं पातं पाण्यात बुडवलं तर ते दगडावर आपटताच तुटेल. म्हणून नेपाळात कारागीर किटलीतून पाण्याची बारीक धार फक्त धारेवर सोडतो, तीही मधल्या पोटावर जास्त, कारण घाव तिथे बसतो. पाठीची उष्णता मग मागून येऊन तो कडकपणा थोडा नरम करते. टोक मऊ ठेवलं की ते वाकेल, तुटणार नाही. हे सगळं रंग बघून, काही सेकंदांत, थर्मामीटरशिवाय. ज्याला मी दोष म्हणत होतो ती त्या माणसाची अक्कल होती. याला नेपाळीत पाइन म्हणतात. आपण विळ्याला पाणी पाजणं म्हणतो.

मामांना मी विचारलं, तुम्ही अशी बनवाल का? "कशापायी? ह्यानं ऊस तुटंल व्हय?" ते बीडकडच्या तोडकऱ्यांसाठी कोयते करत होते. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. आणि आपण शहरात कोयता हा शब्द ऐकतो तो गँगच्या बातमीत. मामा म्हणाले, हल्ली मोटारसायकलवरून पोरं येतात, लांब पात्याचा मागतात. "उसाला एवढा लागत न्हाई. मी देत न्हाई." दिला तर दोन दिवस बरे जातील, तेही त्यांनी सांगितलं.

अस्सल कशाला म्हणायचं, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारनं लंडनच्या लिलावातून रघूजी भोसल्यांची तलवार परत आणली, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्या तलवारीचं पातं युरोपात घडलेलं आहे, वर देवनागरीत नाव कोरलंय आणि तिच्या जातीचं नावच फिरंग. मराठ्यांच्या कितीतरी तलवारी अशाच, पातं समुद्रापलीकडचं आणि मूठ इथली. आणि त्याच काळात निजामाच्या मुलखात, निजामाबादकडच्या कोनासमुद्रममध्ये मुशीत जे पोलाद बनायचं ते न्यायला इराणचे व्यापारी यायचे, दमास्कसच्या म्हणून गाजलेल्या तलवारी असल्या पोलादाच्या. आपलं शहरही तेव्हा त्याच राज्यात. पोलाद इथून तिकडे, पाती तिकडून इथे. माझी कुकरीही तशीच, कुठल्या तरी घाटात झिजलेल्या ट्रकचा पाटा.

मामांनी मुठीच्या चिरेत लाख भरून दिली, धार कानसेनं सारखी केली आणि पन्नास रुपये मागितले. मी शंभर दिले, त्यांनी पन्नास परत केले. म्यानातच ठेवू नको, कातडं पाणी धरतं, गंजेल, खोबरेल लावून कापडात गुंडाळ, एवढं सांगितलं. मी नाव विचारलं, ते त्यांनी सांगितलं, पण इथे सांगू नको म्हणाले.

खंडेनवमीला आईनं पाटावर माझा लॅपटॉप, तिची विळी आणि कुकरी शेजारी शेजारी ठेवली. "असली वस्तू" म्हणणं तिनं बंद केलंय. गेल्या रविवारी नारळ फोडायला मागून घेतली, नारळ एका घावात दोन झाला, आणि पाणी सगळं ओट्यावर. कुकरीनं फोडायचा तर खाली भांडं ठेवा.

पुढच्या भागात सेनिओ नदी. भेटू.